विहिरीच्या पाण्याचा जमाखर्च

महसूल खात्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस जमीन कागदावरून वाचण्याची सवय लागते. शिवारात पाऊल टाकण्यापूर्वी आम्ही उतारा पाहतो. क्षेत्र किती, आकार किती, वहिवाट कोणाची, पीक कोणते व पाण्याचे साधन काय, एवढे कळले म्हणजे निम्मी जमीन डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या दप्तरात एक उणीव आहे व ती आम्हास सेवेत असता दर उन्हाळ्यास जाणवत आली. बाराच्या नमुन्यात जलसिंचनाच्या रकान्यात 'विहीर' एवढा एक शब्द लिहिला की पाण्याची नोंद संपते. ती विहीर किती परस खोल आहे, दिवाळीस तिच्यात पाणी कोठवर होते, होळीस कोठवर उतरले, रात्रीत झरा किती चढतो, यांपैकी एकही गोष्ट त्या कागदावर येत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी स्वतःच आपल्या भ्रमणध्वनीवरून पिकाची आणि साधनाची नोंद करू लागला, ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि साधनाची नोंद म्हणजे साठ्याची नोंद नव्हे. घरात पेटी आहे हे लिहावे आणि पेटीत रुपये किती हे लिहू नये, त्यातलाच हा प्रकार.

पैसेवारीचेही तसेच. पैसेवारी उभ्या पिकाची काढतात, भूगर्भातील पाण्याची नव्हे. रब्बीची ज्वारी जमिनीच्या ओलीवर साधून गेली व पैसेवारी पन्नासच्या वर राहिली, तरी त्याच गावातून एप्रिल महिन्यात टँकरचा प्रस्ताव येतो, हे तालुक्याच्या कचेरीत बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. टँकरने मिळणारे पाणी दर माणशी दिवसास २० लिटर या मापाने धरतात. ज्या बागाईतदाराच्या पंपाने पौष महिन्यात तासाला हजारो लिटर पाणी पाटात सोडले, त्याच्याच घरची बाई चैत्रात घागर घेऊन टँकरच्या मागे उभी राहते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो संबंध आकड्यांत मांडून दाखवावा, याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

मोडनिंब गाव माढे तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर व कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर वसलेले आहे. एका अंगास भीमा व दुसऱ्या अंगास सीना अशा दोन नद्या असून आमचा बराचसा मुलूख या दोहींच्या मधल्या माळाचा आहे. पाऊस वर्षास सुमारे ५५० मिलिमीटर, म्हणजे बावीस इंचांच्या आसपास, आणि तोही बहुधा भाद्रपद-आश्विनात पडणारा. म्हणूनच हा प्रांत पूर्वापार रब्बीचा. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी अजून शेतकऱ्यांच्या घरात आहे ती उगीच नव्हे. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले तेही याच कारणास्तव. मोडनिंबच्या पुढचे स्थानक आष्टी. तेथील तलावाचे काम १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांस मजुरी मिळावी म्हणून काढले होते. सारांश, पाण्याची ओढ आमच्या भागास नवी नाही. नवे आहे ते निराळेच. १९७२ च्या दुष्काळात लोकांस धान्य मिळेना, परंतु पुष्कळ विहिरींच्या तळाशी पाणी होते. २०१२-१३ साली धान्य दुकानात होते, हाती पैसाही होता, पण विहिरी कोरड्या होत्या. चाळीस वर्षांत काय बदलले, हे समजण्यास जमिनीच्या पोटात पाहिले पाहिजे.

आमच्याकडील जमिनीचा पोट-थर विहीर खोदलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. वर काळी किंवा भुरकी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगावाचून न फुटणारा काळा पाषाण. कोठे कोठे दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ थर लागतो. गंगा-यमुनेच्या प्रदेशात शेकडो फूट वाळू आहे व ती वाळू स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवते. आमचा खडक तसा नाही. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत; आणि मुरमाच्या शंभर भागांत काढता येण्याजोगे पाणी अवघे एक ते तीन भाग असते. तेव्हा जमिनीखाली समुद्र आहे व आपण फक्त खोल गेलो नाही, ही समजूत आमच्या भागात तरी खोटी आहे. भांडे उथळ आहे, आणि ते एका पावसाळ्यात भरते व एका हंगामात रिकामे होते.

हे भांडे सर्वांचे मिळून एक आहे, ही गोष्ट मात्र कागदाने झाकून टाकली आहे. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्याने जमीनमालकास आपल्या हद्दीतील जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क दिला आणि आमच्या मनात तो इतका मुरला की बांधाच्या खालचाही बांध आहे असे आम्ही धरून चालतो. भाऊबंदांच्या सामाईक विहिरीत मात्र आमच्या वाडवडिलांनी याहून शहाणपणाची रीत ठेवली होती. इतर हक्कांत नोंद असे की अमक्याचा चार आणे हिस्सा, अमक्याचा आठ आणे, पाळी इतक्या दिवसांची. तंटे होत, नाही असे नाही. विहिरीच्या पाळीवरून फौजदारी झालेली आम्ही पाहिली आहे. पण पाणी मोजूनच वाटावयाचे असते हे सर्वांस मान्य होते. पुढे वाटण्या झाल्या, प्रत्येकाने आपापल्या तुकड्यात बोअर घेतला, आणि बोअरच्या पाण्यात आणे-हिस्सा कोणी लिहिला नाही.

मोटेच्या काळी उपशास आपोआप मर्यादा होती. आमच्या शेजारच्या अरण गावी सावता महाराजांची समाधी आहे. त्या थोर पुरुषाने ज्या मळ्यात देव पाहिला तो मळा विहिरीच्या पाण्यावरचा. तेव्हा बैल थकले की मोट थांबे, आणि मोट थांबली की विहीर विसावा घेई. विजेच्या पंपास थकवा नाही. त्यातून वीज रात्री येते, पंपास 'ऑटो' बसविलेला असतो, मालक घरी निजलेला असतो आणि पाणी पाट फोडून ओढ्यास मिळाले तरी पहाटेपर्यंत कोणास पत्ता नसतो. या एका लहानशा पेटीने आमच्या भागातील किती पाणी वाया घातले असेल याची गणती करणे कठीण आहे.

आता हिशेब मांडू. सोपे जावे म्हणून १,००० हेक्टरांचे, म्हणजे सुमारे २,४७० एकरांचे एक शिवार धरू. त्यावर ५५० मिलिमीटर पाऊस पडला. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. या हिशेबाने शिवारावर एकंदर ५५० कोटी लिटर पाणी पडले. आकडा ऐकून छाती फुगेल, पण यातील बहुतेक पाणी ऊन, वारा व पिके घेऊन जातात आणि काही ओढ्याने वाहून जाते. खडकात मुरणारे पाणी शेकडा आठ धरले तर ४४ कोटी लिटर होते. हीच आपली वर्षाची जमा.

खर्चात पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. गावची वस्ती ३,००० धरली व नळयोजनेच्या प्रमाणाप्रमाणे माणशी दिवसास ५५ लिटर दिले तर वर्षास ६ कोटी लिटर लागतात. हजार जनावरे असतील तर त्यांस आणखी दोन कोटींच्या आत-बाहेर. राहिले ३६ कोटी. ओढ्यास आपोआप झिरपून जाणारे पाणी आपण तूर्त सोडून देऊ.

पाटाने पाणी दिलेल्या उसास वर्षभरात एकरी ८० लाख ते १ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे या शिवारातील सर्वच्या सर्व शिल्लक ३६ ते ४५ एकर ऊस पिऊन टाकतो. त्यातील काही पाणी पुन्हा मुरते हे खरे. ठिबकावर पाणी निम्म्याने वाचते हेही खरे. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर शिल्लक पूर्ववत शून्य, आणि आमच्या पाहण्यात बहुधा असेच घडते. उलट रब्बी ज्वारीस दोन पाणी द्यावयाचे म्हटले तर पाटातील नुकसान धरून एकरी सुमारे ६ लाख लिटर पुरतात. त्याच ३६ कोटींत ६०० एकर ज्वारीस दोन-दोन पाणी मिळते. एकीकडे छत्तीस एकर व दुसरीकडे सहाशे एकर. या दोन आकड्यांच्या मधोमध गावातील पाण्याचे सारे भांडण उभे आहे.

ऊस लावणारास आम्ही दोष देत नाही. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, उसास बांधावर गिऱ्हाईक आहे, किमान दर ठरलेला आहे, आणि ज्वारीच्या भावाची खात्री कोण देतो? मुलीचे लग्न व सोसायटीचे कर्ज ज्वारीवर फिटत नाही असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. पण नदीकाठच्या व कालव्याखालच्या शेतकऱ्याचे पाहून माळावरच्या विहिरीवाल्याने ऊस लावणे ही गोष्ट निराळी. आमच्या माढे-मोडनिंब भागातील बोरीचे झाड या बाबतीत आम्हास फार शहाणे वाटते. पावसाळ्यावर ते वाढते, थंडीत फळ देते, आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा विहिरीत पाणी नसते तेव्हा, पाने गाळून झोपी जाते.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुरमातून शेकडा दोन भाग पाणी निघते असे धरले तर, १,००० हेक्टरांच्या शिवारातील सर्व विहिरींची पातळी एक फूट उतरली म्हणजे ६ कोटी लिटर पाणी गेले. हाच वर सांगितलेला सबंध गावाचा वर्षाचा पिण्याचा खर्च. पातळीचा एक फूट म्हणजे गावाचे एक वर्षाचे पिणे! ज्या गावात दसरा ते संक्रांत एवढ्या काळात पाणी सात-आठ फूट उतरते, तेथे फाल्गुनात ओरड का होते, हे यावरून उघड होईल.

पाणी उतरले की बोअर खोल करावयाचा, हा उपाय सर्वांस सुचतो. दोनशेचा तीनशे होतो, तीनशेचा पाचशे. गाडी शिवारात आली की रात्रभर धडधड चालते आणि पहाटे कोरडी धूळ अथवा कारंजे, यांपैकी जे दैवी असेल ते निघते. कारंजे निघाले तरी ते नवे पाणी नव्हे. खोल भेगेतील साठा पुष्कळ वर्षांचा असतो. एकदा ओढला की तो लवकर भरत नाही. शिवाय वरच्या भागात केसिंग तोकडे घातलेले असले तर मुरमातील पाणी त्याच नळीने खाली उतरते व शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणजे बोअरवाल्याने शेजाऱ्याचे पाणी घेतले, आणि पुष्कळदा ते त्यासही लाभले नाही.

कायदा या बाबतीत गप्प नाही. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्याने बंधन घातले. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून अंमलात आला, त्यात शेतीसाठी व कारखान्यांसाठी ६० मीटरांहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून, खोल विहिरी घेण्यास मनाई आहे. कायदा आहे आणि सातशे फुटांचे बोअरही आहेत. कायदा पुस्तकात राहण्याचे कारण आम्हास असे दिसते की जमिनीखाली किती पाणी आहे हे गावातील कोणालाच आकड्यांत माहीत नसते. ज्याची शिल्लक कोणी मोजली नाही त्याची चोरी कोण धरणार?

शेततळ्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. पावसाचे वाहते पाणी अडवून ठेवण्यासाठी शेततळे, ही कल्पना उत्तम. परंतु आमच्या भागात पुष्कळ तळी प्लास्टिकचे अस्तर घालून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरतात. भूमीच्या पोटात सावलीत असलेले पाणी वीज जाळून वर काढावयाचे आणि उन्हात पसरून ठेवावयाचे, यास काय म्हणावे! तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद तळ्यातून उन्हाळ्यात दिवसास आठ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तरी रोजचे ७,२०० लिटर होतात. टँकरच्या मापाने हे ३६० माणसांचे पाणी आहे. डाळिंबाची बाग वाचविण्यासाठी लोक असे करतात हे आम्हास माहीत आहे, आणि आपण न काढले तर शेजारी काढील ही भीतीही त्यात आहे. ती भीती खोटी नसल्यामुळेच एकट्याने शहाणे होऊन भागत नाही.

कोणी म्हणेल, उजनी जवळ असता विहिरींची एवढी चिंता कशास? 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण या प्रश्नाचे उत्तर देते. १९८० साली पुरे झालेल्या या धरणात एकंदर सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यापैकी ६३ अब्जांहून अधिक हा मृत साठा व वापरावयाचा साठा सुमारे ५३.५७ अब्ज. वर्तमानपत्रात 'उजनी उणे इतके टक्के' असे येते त्याचा अर्थ पुष्कळांस नीट लागत नाही. वापरावयाचा साठा संपून मृत साठ्यात हात घातला की उणे टक्के सुरू होतात, आणि ते टक्के वापरावयाच्या साठ्याच्या मापाने मोजतात. २०२४ च्या जून महिन्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले, म्हणजे मृत साठ्यातूनही सुमारे ३२ अब्ज घनफूट पाणी निघून गेले होते. धरण भरते ते मुख्यतः पुणे जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाने. आमच्या शिवारात पाऊस कितीही झाला तरी त्याची भरती नाही. आणि त्या पावसाबरोबर पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणीही मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून धरणात येते. त्यातील नत्र-स्फुरदावर शेवाळ व जलपर्णी माजतात, पाणी हिरवे दिसते, वास मारते. हेच पाणी खाली पंढरीस चंद्रभागा म्हणून वारकरी तोंडात घेतो. कालव्याचे पाणी ज्यास मिळते त्याने ते अवश्य घ्यावे, पण माळावरच्या गावाने आपली विहीर बुजवून त्याची वाट पाहत बसावे, असा भरवसा त्या पाण्याचा नाही. परिमाणाचाही नाही व शुद्धतेचाही नाही.

पाणी मोजून वाटणारी गावे महाराष्ट्रात झालेली आहेत. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे कै. विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. जमीन किती यावर पाणी न देता घरात माणसे किती यावर द्यावयाचे, माणशी अर्ध्या एकराचे व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे; भूमिहीनासही हिस्सा; आणि उसास पाणी नाही, असे त्याचे नियम होते. जमीनदार शेतकऱ्यास हे नियम कडू वाटतील. आम्हासही प्रथम वाचताना वाटले होते. दुसरे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे. श्री. पोपटराव पवार १९८९ साली तेथे सरपंच झाले. डोंगरावर चर खणून पाणी मुरविले हे तर सर्वांस माहीत आहे, आणि ते पाहण्यास आमच्याकडून लोक सहलीसही जाऊन आले. पण सहलीत चर दिसतात, नियम दिसत नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही, ऊस व केळी लावावयाची नाहीत, आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीस कोणते पीक किती घ्यावयाचे हे गावाने बसून ठरवावयाचे, हे त्या गावाचे खरे भांडवल. आमच्या भागातून हिवरे बाजार पाहून आलेल्या मंडळींनी बंधारे मागितले, ताळेबंद मागितला नाही. बंधारा सरकार बांधून देते; ताळेबंद आपण आपल्याविरुद्ध लिहावयाचा असतो.

सबंध गाव एकदम तयार होणार नाही, हे आम्ही जाणून आहो. गावकीच्या राजकारणात पाण्याची वही तलाठ्याच्या दप्तरापेक्षा लवकर फाटेल. तरी एका ओढ्याच्या दोन्ही काठांवरचे दहा-बारा विहिरीवाले, ज्यांचे बांध एकमेकांस लागून आहेत, ते एक वही घालू शकतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. आपणही त्याच महिन्यांत मोजावी, म्हणजे सरकारी आकड्यांशी ताडून पाहता येते.

मोजण्याची रीत अवघड नाही. विहिरीच्या काठावर एक खूण कायमची करावी व तेथूनच दर वेळी वजन बांधलेली मोजपट्टी सोडावी. त्यापूर्वी बारा तास पंप बंद असला पाहिजे, नाही तर पातळी खोटी येते. तीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २०,००० लिटर. एक एकर ज्वारीस साडेसहा सेंटिमीटरांचे एक पाणी द्यावयास सुमारे २ लाख ६० हजार लिटर लागतात, म्हणजे त्या विहिरीतील तेरा फूट पाणी. परंतु विहिरीत उभे असलेले पाणी ही केवळ हातची रोकड. खरे उत्पन्न झऱ्याचे. ते काढण्यासाठी पंप चालवून पाणी पाच-सहा फूट उतरवावे, पंप बंद करून वेळ लिहावी व आठ तासांनी पाणी किती चढले ते पाहावे. तीन फूट चढले तर आठ तासांचा झरा ६०,००० लिटर. ही परीक्षा ऑक्टोबरात एकदा व जानेवारीत एकदा करावी. दिवाळीचा झरा पाहून जो पेरणी ठरवितो तो फसतो, कारण पौषात तोच झरा निम्म्यावर येतो. वहीत गट नंबर, विहिरीची खोली, तारीख, पातळी, झरा व त्या वेळी उभे असलेले पीक एवढे सहा रकाने पुरेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे अमुक पातळीस इतके एकर भिजते हे विहीर स्वतःच सांगू लागते.

पाणी मुरविण्याच्या कामात विहीर-पुनर्भरणाची टूम सध्या बरीच आहे. ती उपयुक्त आहे, पण एका अटीवर. शेतातून वाहत आलेले गढूळ पाणी नळी घालून सरळ विहिरीत सोडू नये. त्याने झऱ्यांची तोंडे गाळाने बुजतात, आणि शेतावर फवारलेले औषध व टाकलेले खत विहिरीत येते. विहिरीपासून सात-आठ फुटांवर खड्डा घेऊन तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड, त्यावर खडी व सर्वांत वर जाड वाळू अशी गाळणी करावी व तिच्या तळातून नळी विहिरीत न्यावी. पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्यावे. वाळू दर वर्षी धुवावी. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे बहुतेक गाळण्या तिसऱ्या वर्षी निकामी झालेल्या आढळतात.

आटणारे पाणी बिघडतेही, याकडे आमच्या भागात फार कमी लक्ष आहे. साठा कमी झाला की तेवढेच क्षार थोड्या पाण्यात राहतात, आणि खोल बोअरचे पाणी पुष्कळदा मुळातच जड असते. असे पाणी काळ्या जमिनीस वर्षानुवर्षे दिले की जमीन चोपण होते, ढेकूळ फुटत नाही, पाणी वर तुंबते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट हा दुसरा शत्रू. युरिया व शेणखताचा उकिरडा, गोठ्याचे मूत आणि संडासाचे शोषखड्डे यांतून तो विहिरीत उतरतो. त्याची मर्यादा लिटरास ४५ मिलिग्रॅम आहे. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर तो जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतो. लहान बाळास वरचे दूध अशा पाण्यात मिसळून दिले तर अंग निळसर पडण्याची व्याधी होते. ठिबकातून खत सोडणाऱ्यांनी तर फारच सावध असले पाहिजे. मध्येच वीज गेली आणि नळीवर उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह नसला तर टाकीतील खत सरळ विहिरीत उतरते. दोन-तीनशे रुपये वाचविण्यासाठी हा व्हॉल्व्ह न बसविणारे मोठमोठे बागाईतदार आम्हास माहीत आहेत. फवाऱ्याचे पंप विहिरीच्या काठी धुणे, आणि बंद पडलेल्या बोअरचे तोंड उघडे ठेवणे, हेही याच मासल्याचे. उघड्या तोंडाचा बोअर म्हणजे गावच्या घाणीस खोल पाण्यापर्यंत नेणारी सरळ वाट, आणि खेळत्या मुलास मृत्यूचा सापळा.

जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात, ती चालते. नायट्रेटावर तिचा उपयोग नाही. एक हजार लिटरांस अडीच ते पाच ग्रॅम हे तिचे प्रमाण. तीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर ते २ लाख लिटर, सबब पावडर अर्धा ते एक किलो. ती कोरडी विहिरीत फेकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी दोरीने विहिरीत सोडून पाणी ढवळावे, आणि निदान एक तास कोणी पाणी काढू नये. रात्री टाकून सकाळी काढलेले उत्तम.

नायट्रेट, फ्लोराइड व क्षार यांची परीक्षा भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. नमुन्यासाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली घेऊन ती त्याच पाण्याने तीन वेळा खळबळावी व काठोकाठ भरून बूच लावावे. औषधाची किंवा तेलाची जुनी बाटली चालत नाही. जंतूंच्या परीक्षेस मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणावी लागते, तिच्या आतल्या अंगास बोट लागू देऊ नये, आणि नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावा. बाटलीवर गट नंबर, विहीर की बोअर, खोली व तारीख ही न विसरता लिहावी. एकाच विहिरीचा एक नमुना ऑक्टोबरात व एक मे महिन्यात पाठवावा, आणि दोन्ही वेळचे कागद पातळीच्या वहीतच चिकटवून ठेवावे.